‘निवळलं’ म्हणेपर्यंत : कोपरखैरणेतल्या एका गल्लीच्या नोंदी

मंगळवार, १४ मे २०२४

काल दुपारी चारच्या सुमारास आभाळ मातकट झालं आणि बघता बघता समोरचं घर दिसेना. सात नंबरच्या माडीवरचा पत्रा उडून खालच्या स्कूटरवर आदळला. नशीब, स्कूटरवर कोणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ खांबावरून एक वायर सुटली आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर लोंबत राहिली.

ही वही काढली ती त्या वायरीमुळे. रात्री गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि चार ते सहामधले मेसेज वरून खाली मोजले. ८३ भरले. घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगचा एकच व्हिडिओ ११ जणांनी टाकलेला. ‘आमच्याकडे लाईट गेली, तुमच्याकडे?’ हे १९ वेळा. आणि ४.५२ ला, दोन व्हिडिओंच्या मधे, शाळेच्या बाईंचा मेसेज : ‘टपरीजवळ वायर लोंबतेय, मुलांना सोडू नका.’ त्यावर कोणाचं अक्षर नाही. पाच वाजून गेल्यावर चार नंबरमधला पोरगा सायकलवर बसल्या बसल्या डोकं वाकवून त्या वायरीखालून गेला. मी ओरडेपर्यंत पुढे निघूनही गेला होता.

वायर केबल टीव्हीची निघाली, करंट नव्हता. पण हे आम्हाला कळलं रात्री साडेआठला.

एमटीएनएलमध्ये, म्हणजे सरकारी टेलिफोन कंपनीत, केबल जॉइंटर (तुटलेल्या तारा जोडणारा) म्हणून ३१ वर्षं काढली, ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुसऱ्यांच्या घंटा वाजाव्यात म्हणून जन्मभर खड्ड्यात उतरलो. माझ्याच गल्लीत बाईंची घंटा वाजली नाही, हे काही झोपू देईना.

रविवार, १९ मे

उद्या मतदान. त्या निमित्ताने सगळे गावाला न जाता घरी आहेत, म्हणून आजच मारुतीच्या ओट्यावर जमलो. १४ जण आले, त्यातले तीन चहा झाल्यावर.

गल्लीची माहिती आधी लिहून ठेवतो. सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, बैठी घरं, आता बहुतेकांवर माडी चढलेली. ५२ दारं. निम्म्याहून जास्त घरं माथाडींची, मूळ गाव पाटण, जावळी, काही जुन्नरकडचे. त्यांचा दिवस आपण झोपतो तेव्हा सुरू होतो. तुर्भ्याच्या बाजारात रात्री गाड्या लागतात, माणसं सकाळी घरी येतात आणि दहा वाजता फोन बंद करून आडवी होतात. म्हणजे सकाळी अकराला टाकलेला निरोप निम्म्या गल्लीला झोपेत मिळतो.

ठरलं ते एवढं : गप्पांचा ग्रुप आहे तसा राहू दे. दुसरा ग्रुप काढायचा, त्यात फक्त ॲडमिनने लिहायचं. ही सोय २०१८ पासून आहे, वापरत कोणी नाही. पाच ॲडमिन. बाकीच्यांना काही दिसलं तर त्यांनी लिहायचं नाही, ॲडमिनला फोन करायचा.

किराणावाले अण्णा पाचवे ॲडमिन होणार होते. पण ‘ग्रुपवर कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला उचलतात’ असं त्यांनी ऐकलेलं. मी सांगितलं, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, ॲडमिनचा त्यात हात नसेल तर, नुसता ॲडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. अण्णा म्हणाले, “हायकोर्टापर्यंत जाऊन सुटायचं, त्यापेक्षा न अडकलेलं बरं.” त्यांच्या जागी शाळेच्या बाई.

ग्रुपला नाव गल्लीतल्या मुकादमांनी दिलं : जागल्या. गावोगाव रात्री राखण करत फिरणारा असायचा, तो. मला आवडलं. ‘सेफ्टी अलर्ट ग्रुप’ म्हटलं असतं तर पुन्हा गुड मॉर्निंगचे गुलाब आलेच असते.

रविवार, २६ मे

आठवडाभर दारोदार. वहीत चार रकाने : घर, फोन, कसला फोन, कोण कधी घरी.

पहिल्या दिवशीच चूक सापडली. मी विचारत होतो, “घरात फोन आहे का?” सगळे हो म्हणत होते. १८ नंबरच्या आजी म्हणाल्या, “आहे की. चांगला बावीस हजाराचा आहे. पण तो नातवाबरोबर कॉलेजात असतो.” म्हणजे फोन आहे आणि फोन असतो, या दोन वेगळ्या गोष्टी. मग आधीची २० घरं पुन्हा फिरलो. दुपारी बारा ते चार, ११ घरांत माणूस असतं, फोन नसतो. नऊ जणांकडे बटणाचा साधा फोन. दोघा आजोबांकडे फोन आहे, पण चार्जर सुनेच्या खोलीत. पुढचं मी विचारलं नाही.

मग जुनाच धंदा कामी आला. आमच्या खात्यात रस्त्यावरच्या पिलरवरून (मोठ्या पेटीवरून) डीपीला, म्हणजे भिंतीवरच्या छोट्या वाटप-पेटीला, केबल जायची आणि एका डीपीवरून दहा जोड्या दहा घरांत. (आजच्या पोरांना डीपी म्हणजे फोटो. आमच्या काळी डीपी भिंतीवर असायचा आणि त्यात पाली.) गल्लीचे सहा डीपी पाडले, प्रत्येकात आठ-नऊ घरं. प्रत्येक डीपीला एक दिवसाचा जागल्या, एक रात्रीचा. ग्रुपवर निरोप पडला की जागल्याने आपल्या डीपीतल्या बिनफोनच्या घरांची दारं वाजवायची. बास.

रात्रीचा जागल्या मिळणं कठीण वाटलं होतं, तर तेच आधी मिळाले. आठ नंबरचे आजोबा दम्यामुळे तीनपर्यंत उशीला टेकून बसलेले असतात. २७ नंबरची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दिवसाचे जागल्ये शोधायलाच दमछाक झाली.

रविवार, २ जून

चाचणी. सकाळी अकरा वाजता ग्रुपवर : ‘ही चाचणी आहे. दिसली की आपल्या जागल्याला मिस्ड कॉल द्या.’

दहा मिनिटांत ९ घरं. अर्ध्या तासात १७. संध्याकाळपर्यंत ३१. उरलेल्यांपैकी एका घरातून रात्री विचारणा आली, “चाचणी कधी आहे?”

दुपारी पुन्हा दारोदार, या वेळी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन. १६ नंबरच्या मावशींच्या फोनवर ४० च्या वर ग्रुप. माहेरचे, भिशीचे, वारीचे, शाळेचे, गॅस एजन्सीचासुद्धा. त्यांच्या मुलाने एकदा वैतागून सगळे एकदम ‘कायमचे म्यूट’ केलेले. आमचा नवा ग्रुप त्यांनी स्वतःच म्यूट केला होता, कारण नवा ग्रुप आला की म्यूट करायचा अशीच सवय. मी मावशींना दाखवलं : ग्रुपच्या नावावर अंगठा दाबून ठेवा, वर म्यूट काढायचं चित्र येतं, त्यावर बोट टेकवा. मावशींनी अंगठा ठेवला, चित्र आलं, दचकून अंगठा पुन्हा नावावरच टेकला, चित्र गेलं. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पदराने अंगठा पुसला आणि जमलं. मग स्वतःच म्हणाल्या, “आता भिशीचापण चालू करून दे, पैसे कधी मिळणार कळत नाही.”

ग्रुपला वेगळा आवाज लावला : काळ्या डायलच्या फोनची जुनी घंटा. हा सूर आज कोणाच्याच फोनला नसतो, म्हणून भिंतीपलीकडूनही ओळखू येतो.

दुसरी भानगड बॅटरीची. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप गपचूप झोपवतात. माणूस ॲप उघडतो तेव्हा सकाळचे मेसेज एकदम धबधब्यासारखे पडतात. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपला त्यातून वगळावं लागतं. नऊ फोनवर हे केलं.

माथाडी मंडळींचे फोन दिवसा ‘व्यत्यय नको’ वर. ते बदलणार नाहीत आणि बदलायला सांगणं पापच. पण त्या सेटिंगमध्ये निवडक नंबरचे फोन वाजू देता येतात. तिथे आपापल्या जागल्याचा नंबर घातला. मेसेज नाही वाजणार, फोन वाजेल.

मुकादमांच्या बायकोने विचारलं, गेल्या वर्षी सरकारचा मेसेज आला तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कसे ठणाणले? २० जुलै २०२३ ची ती चाचणी मलाही आठवते. वहिनींच्या हातातून फोन तांदळाच्या परातीत पडला होता. तो सेल ब्रॉडकास्टचा प्रकार. त्यात कोणाचा नंबर लागत नाही, टॉवरच्या टप्प्यात जे फोन असतील त्या सगळ्यांना एकदम हाक. ते हत्यार सरकारच्या हातात, आणि तिथेच बरं. टपरीजवळच्या वायरीसाठी सरकार परात हलवणार नाही.

बुधवार, १२ जून

निरोप कसा लिहायचा यावर तासभर वाद. शेवटी : काय, कुठे, कोणी पाहिलं, काय करायचं. चार ओळी, या क्रमाने. ‘सावध राहा’ लिहायला बंदी, कारण त्यातून काय करायचं ते कळत नाही. उद्गारचिन्हालाही बंदी.

‘कुठे’मध्ये घर नंबर चालत नाहीत असं दिसलं. ५२ पैकी स्वतःचा सोडून दुसरा नंबर कोणाला माहीत नाही. त्यामुळे पिवळी टाकी, टपरी, तुळशीचं घर, बंद घर, देऊळ, अशा खुणा.

वाचता न येणारे आहेत. म्हणून लिहिलेल्या निरोपामागोमाग तेच बोलून, दहा सेकंदांत. बाईंच्या आवाजात. माझा आवाज दर वेळी कोणीतरी गेल्यासारखा येतो असं सर्वांचं मत पडलं.

सोमवार, ८ जुलै

रात्रभर ओतत होता. गाड्या बंद, शाळांना सुट्टी.

नवी मुंबई बाहेरच्याला सपाट दिसते, पण बराच भाग खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी थोपवायची तळी केली. भरतीला झडपा बंद होतात, खाडी आत येत नाही. आणि ओहोटी लागेपर्यंत आतलं पावसाचं पाणीही बाहेर जात नाही. तेवढा वेळ ते तळ्यात, गटारात आणि जागा कमी पडली तर आमच्या गल्लीत थांबतं.

सकाळी ६.२० ला चौथ्या डीपीच्या जागल्या वहिनींचा फोन. ६.२६ ला ग्रुपवर : ‘पाणी मीटरपेट्यांना लागायला आलं. तुळशीच्या घरापासून देवळापर्यंत सहा घरं. मी स्वतः पाहिलं. मेन स्विच बंद करा, पाण्यात उभं राहून नाही.’ पाठोपाठ बाईंचा आवाज. नऊ मिनिटांत सहाही घरांचे मेन बंद. शेवटच्या घरातले भाऊ बाजारातून येऊन नुकतेच झोपले होते, त्यांना जागल्याच्या फोनने उठवलं. छाती फुगली माझी. बायकोला दोनदा सांगितलं.

दुपारी साडेचारला ३४ नंबरच्या आजींकडे डोकावलो तर घरात अंधार. खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. मोटर नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही, शेजारून कळशी आणलेली. सून माहेरी. मी म्हटलं, “आजी, लाईट का नाही लावली?”

“तुम्हीच तर म्हणालात बंद ठेवा.”

पाणी अकराच्या आत उतरलं होतं. बाराला वायरमन पेट्या बघून गेला, सगळं ठीक म्हणाला. मी तिथेच उभा होतो, त्याला चहा पाजला. आणि ग्रुपवर काही लिहिलं नाही, कारण आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं ना.

“बंद करा म्हणणारे सगळे,” आजी म्हणाल्या, “चालू करा कोण म्हणणार?”

मंगळवार, ९ जुलै

पहाटेच जाग आली आणि १९८ आठवलं. फोन बंद पडला की लोक तक्रारीसाठी १९८ ला फिरवायचे, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळायचा. आम्ही खड्डा खणून, जोडी शोधून, घंटा वाजवून दाखवली तरी काम झालं नाही. डॉकेट बंद केल्यावर झालं. उघडं डॉकेट सकाळी साहेबांच्या टेबलावर जायचं, त्यापुढे ‘मी दुरुस्त केलं होतं’ याला किंमत नव्हती.

३१ वर्षं हे केलं आणि स्वतःच्या गल्लीत उघडी डॉकेटं टाकून चहा पीत बसलो.

आजपासून : निरोपाला नंबर. जो उघडेल तोच बंद करेल, आणि जाऊन बघून. तीन तासांत बंद झाला नाही तर ‘अजून चालू आहे’ असं लिहायचं. वेगळी वही केली.

शब्द कोणता, यावर संध्याकाळी ओट्यावर पुन्हा मैफल. पोरं म्हणाली ‘ऑल क्लिअर’. मुकादम म्हणाले ‘संपलं’, तर दोन बायकांनी कानावर हात ठेवले, संध्याकाळी असलं बोलू नये. ‘मिटलं’ म्हटलं की भांडण वाटतं. ‘झालं’ म्हटलं की काय झालं म्हणून पन्नास फोन येतील. ३४ च्या आजी बाजूला बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “गढूळ पाणी खाली बसलं की काय म्हणता?”

निवळलं.

शनिवार, २७ जुलै

पहाटे बेलापूरच्या शाहबाज गावात इमारत कोसळली. तळमजला आणि वर तीन. तिघे गेले. पन्नासच्या वर माणसं आधी बाहेर पडली म्हणून वाचली.

दिवसभर कोणाला दुसरं सुचलं नाही. पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, लगेच रिकामी करायची. आमची घरं त्या यादीत नाहीत. पण माड्या चढवताना खालच्या भिंतींना कोणी विचारलंय? रात्री देवळात बसून काय काय दिसलं तर हालायचं ते काढलं : एका रात्रीत रुंदावलेली भेग, काल लागत होता आणि आज अडकणारा दरवाजा, छतातून वाळू झिरपणं, खांबातून येणारा कडकड आवाज. तेव्हा ग्रुपवर लिहीत बसायचं नाही. माणसं बाहेर काढायची. ताट-पळी, कडी, बोंब. मग ११२ किंवा १०१. ग्रुप शेवटी.

एवढा फोनचा खटाटोप करून शेवटी ताट-पळीवर आलो, असं २७ नंबरची मुलगी हसत म्हणाली. खरं आहे. पहाटे साडेचारला गाढ झोपलेल्या माणसाला मेसेजने जागं होताना मी अजून पाहिलेलं नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

गटारी. कोंबडीवाल्याची रांग देवळापर्यंत. दुसरं काही नाही.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतं, म्हणूनच लिहितो.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकाराने आठवडाभर सगळे आईबाप धास्तावलेले. काल संध्याकाळी ६.०५ ला माझ्या मेव्हणीचा मेसेज : पांढरी व्हॅन, मुलांना खाऊ देऊन नेतात, आपल्याच भागात दिसली. खाली गाडीच्या नंबरचा फोटो. मेव्हणी म्हणजे घरचं माणूस, शिवाय शिक्षिका. मी ६.०९ ला ग्रुपवर टाकलं. ‘कोणी पाहिलं’ या ओळीत लिहिलं : ‘खात्रीलायक’.

नियम मी केलेला, आणि मीच असा मोडला.

सव्वासहाला देवळाच्या वळणावर खरोखरच पांढरी व्हॅन आली. पंचवीस-तीस पोरं आणि चार बाया तिच्याभोवती. आत वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा पोरगा, विशी-बाविशीतला, हातात ड्रमचा रबरी पट्टा. मराठी जेमतेम. कोणीतरी किल्ली काढून घेतलेली. एकाने कॉलर धरली होती. मी, मुकादम आणि बाई पळत गेलो. बाई सरळ व्हॅनच्या दारात जाऊन बसल्या आणि ओरडल्या, “याला ४१ नंबरने बोलावलंय, मशीन बघायला, विचारा जाऊन.” ४१ च्या वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या. कॉलर सुटली. पोराला पाणी दिलं, तर ग्लास हातात राहीना.

२०१८ साली, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं अशीच मारली गेली. मुलं पळवणारे आलेत, एवढ्याच मेसेजवरून. त्यानंतरच फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आली. मी हे जाणत होतो. लोकांना सांगतही होतो.

६.३१ ला लिहिलं : ‘नंबर ९. व्हॅन मशीन दुरुस्तीची, ४१ नंबरकडे आलेली. मुलं पळवण्याचा निरोप खोटा, न बघता मी टाकला, चूक माझी. निवळलं.’ आधीचा मेसेज सर्वांसाठी खोडला. पण तोवर तो गप्पांच्या ग्रुपवर गेला होता, तिथून भिशीत, तिथून घणसोलीला. आज सकाळी तो मलाच परत आला, ऐरोलीच्या एका ओळखीच्या माणसाकडून. त्यात आता दोन व्हॅन होत्या. ‘निवळलं’ मात्र आमच्या गल्लीच्या बाहेर एक पाऊल गेलेलं नाही. यावर काय करायचं, सुचलेलं नाही. ज्यांना मी पाठवलं नव्हतं अशा १३ जणांना, मेसेज जसा उलटा सापडत गेला तसा, फोन करून सांगितलं. सात जणांनी ऐकून घेतलं.

त्या पोराच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, “कामावर आलाय, पण तुमच्या साईडला नाही पाठवणार.” बरोबरच आहे.

नवा नियम बाईंनी लिहिला, मी फक्त सही केली : ‘कोणी पाहिलं’मध्ये गल्लीतल्या माणसाचं नाव नसेल तर निरोप निघणार नाही. ॲडमिन असला तरी.

गुरुवार, २६ सप्टेंबर

काल संध्याकाळी विजांसह धो धो. साडेसातला लाईट गेली, थोड्या वेळाने व्हॉट्सॲपचं चक्र फिरतच राहिलं. फोन लावला तर ‘सर्व लाईन व्यस्त’. सगळे एकदम लावतात तेव्हा हेच होतं. साधे एसएमएस मात्र हळूहळू का होईना जात होते. आम्ही टेलिफोनवाले सांगतो, एसएमएसला बोलण्याची वाट लागत नाही, सिग्नलिंगच्या बारीक फटीतून सरकतो. सहा जागल्यांना एसएमएस, त्यांनी दारं वाजवली. चौथ्या डीपीत पाणी पुन्हा मीटरपेट्यांपाशी. नंबर १३, ८.१० ला उघडला, ११.४० ला निवळलं. ३४ च्या आजींनी स्वतः विचारायला नातवाला पाठवलं होतं : “लावू का?”

रविवार, २० ऑक्टोबर

काल रात्री १२.५० ला आठ नंबरच्या आजोबांचा फोन. “वास येतोय. गॅसचा.”

उठून बाहेर आलो. वास खराच, जोरात. पाइपचा गॅस असेल तर प्रकरण वेगळं : बटणं हलवायची नाहीत, शेगडीकडची आणि बाहेरची चावी बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, मग फोन. कारखान्यांकडचा असेल तर उलटं : खिडक्या बंद, माणसं आत. चुकीचं सांगितलं तर दोन्हीकडून मरण.

बाजाराला सुट्टी असल्याने मुकादम घरी होते. त्यांना उठवलं. घरगुती गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून सडक्या कांद्यासारखा वास मुद्दाम घालतात. मुकादम ओट्यावर उभे राहिले, डोळे मिटून तीन-चार श्वास घेतले. म्हणाले, “कांदा नाही हा. ३० वर्षं कांद्यात काढली, सडका कांदा मला फसवणार नाही. हे चपला चिकटवायचं सोल्युशन आहे.”

तेवढ्यात आजोबांनी माडीवरून हाक मारली. दोरीवरच्या साडीकडे बोट. साडी खाडीच्या दिशेला उडत होती. म्हणजे वारा डोंगराकडून, पूर्वेकडून. पावसाळाभर वारा खाडीकडून येतो म्हणून वास जाणवत नाही. ऑक्टोबर लागला की रात्री वारा उलटतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडचा कारखान्यांचा पट्टा नाकात येतो.

तरी नाकावर आणि साडीवर सगळं सोडलं नाही. दोघा पोरांनी दोन्ही बाजूच्या गल्ल्यांत जाऊन पाहिलं, तिथेही तोच वास. एका घरची गळती चार गल्ल्यांत सारखी येत नाही. १.०४ ला ग्रुपवर, शिवाय रात्रीच्या जागल्यांना फोन : ‘वास बाहेरून, पूर्वेकडून. सगळ्या गल्लीत. मुकादम आणि मी पाहिलं. खिडक्या बंद करा, दम्याचे पेशंट आतल्या खोलीत.’ १०१ ला कळवलं. त्यांनी नाव, जागा, किती वेळापासून हे नीट विचारून घेतलं.

२.३५ ला साडी सरळ खाली लोंबू लागली, वास विरला. निवळलं. आजोबांना पंप दोनदा घ्यावा लागला, पण पहाटे त्यांनीच सहाही जागल्यांना चहाला बोलावलं.

रविवार, १० नोव्हेंबर

वही चाळली. जुलै ते आज २२ डॉकेटं. त्यातली सात पाण्याची, चार वायरींची, तीन भटक्या कुत्र्यांची (ही तक्रार होती, इशारा नव्हता, पण बाई ऐकत नाहीत), एक माझ्या लाजेचं. बाकी फुटकळ.

परवा एकाने विचारलं, बँकेच्या नावाने येणारे फसवे फोनही यात का टाकत नाही. नाही टाकायचे. त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, आणि पैसे गेले तर ग्रुपवर हळहळ ऐकत बसण्याआधी तोच फिरवायचा. हा नंबर देवळाच्या भिंतीवर रंगवून घेतला. ग्रुप जेवढा कमी वाजेल तेवढा वाजल्यावर ऐकला जाईल.

चार घरं ग्रुप सोडून गेली. दोन परत आली.

२१ डॉकेटं बंद. उघडं आहे नंबर १७ : ‘बंब आत येत नाही. टपरी ते पिवळी टाकी. मी दोरीने मोजलं. गाड्या हलवा.’ बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे उरते २ मीटर १० सेंटिमीटर. निरोप टाकून ३४ दिवस झाले. दर तीन तासांनी ‘अजून चालू आहे’ लिहायचा नियम यासाठी तरी शिथिल करा, असं सर्वांचं म्हणणं पडलं, म्हणून आता रोज रात्री एकदाच लिहितो. एका बाजूच्या पाचांपैकी तीन गाड्या मैदानाकडे जायला लागल्या. राहिलेल्या दोनांपैकी एक किराणावाल्या अण्णांची आहे, दुसरी माझ्या मुलाची.